भावंडाचा रकाना

शुक्रवार पेठेत अकरा नंबर शाळेच्या फाटकासमोर
माझं झेरॉक्सचं दुकान, माडीवर घर.
मधला रस्ता बारा पावलांचा.
सन्मतीच्या पावलांनी एकवीस. तिनंच मोजलेत.

त्यांचा चेंडू आमच्या पत्र्यावर पडतो.
सातपर्यंतचे पाढे तिला खिडकीतूनच आले.
"पुढच्या वर्षी मी आतनं म्हणणार," म्हणायची.

पाडव्याच्या आदल्या रात्री रांग लागली.
पहिला उचगावचा, दुसरा कळंब्याचा,
चटई, थर्मास, डासांची उदबत्ती घेऊन आलेले.
दुकान रात्रभर उघडं ठेवावं लागलं,
म्हणून रांगेत माझ्या जागी माझी चप्पल.
तेविसावी.
अनवाणी उभा राहून मी
लोकांच्या पोरांचे जन्मदाखले काढत होतो.
साठ जागा. तेविसावा म्हणजे आतच की!

भावंडवाले रात्री आलेच नाहीत.
ते सकाळी नऊला आले, अंघोळ करून,
हातात एकेक कागद:
थोरलं याच शाळेत शिकत आहे, सही, शिक्का.
मी तो काचेवर पालथा ठेवायचो,
खालून उजेड सरकत जायचा,
दोन रुपये.
पहिल्या दहांना मी हसून विचारलं, थोरला कितवीत?
विसाच्या पुढं विचारायचं सोडलं.
अडतिसाव्या कागदाला
माझी चप्पल रांगेतून बाहेर पडली.
त्यानंतरही तीन आले. त्यांचेही काढून दिले.

कुंभोजकर बाई म्हणाल्या,
"सुकुमार, एका आईनं एक पोर इथं सोडायचं
आणि दुसरं फुलेवाडीला? तूच सांग."
समोर ती आई उभीच होती,
शिलाईच्या कारखान्यातली, डबा बगलेत.
"मी साडेआठला कामावर जातो, दादा,
दोन शाळा कुठनं करू?"
तिच्यावर रागवायला
मला तिच्यात काहीच सापडेना.

आणि मी तरी कसा शिरलो होतो या फाटकातनं?
आण्णाच्या शर्टाचं टोक धरून.
"चौगुलेचा धाकटा," एवढंच म्हणाले गुरुजी
आणि हजेरीत नाव चढलं.
त्या दिवशी बाहेर कोण राहिलं,
चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा मनात आलं.

फॉर्म मात्र भरला, प्रतीक्षा यादीसाठी.
शाळेत शिकत असलेल्या भावंडाचे नाव.
सन्मती म्हणाली, "लिही की कोणतर."
"कोण?"
"दादा."
अगं, धाकटं मागून मिळतं.
थोरलं आता कुठनं आणू?
मी आडवी रेघ मारली.
पेन जरा जास्तच दाबलं गेलं,
खालच्या कार्बनवरही ती उमटली.

जूनपासून पावणेसातला रिक्षा येते.
फुलेवाडी नाक्याच्या अलीकडची शाळा, बरी आहे,
बाई समजूतदार आहेत, डबा खाऊन येते.
फक्त एखाद्या दिवशी रिक्षाला उशीर होतो,
अकरा नंबरची प्रार्थना सुरू होते,
आणि ती दप्तरासकट
रस्त्याच्या या बाजूला हात जोडून उभी राहते.

पद्मजाला सातवा लागलाय.
जे येईल त्याची शाळा ठरलेली आहे.
सहा वर्षांनी सन्मती सातवीत असेल,
तिथल्या शेवटच्या वर्षात. जेमतेम जमतंय.
त्या रकान्यात मी तिचं नाव लिहीन,
वळणदार, पूर्ण: सन्मती सुकुमार चौगुले.
रात्रीच्या रांगेत बसायची गरज नाही.
सकाळी नऊला जाईन, अंघोळ करून.

त्या फाटकासमोरही कुणाचं तरी दुकान असेल.
पावलं मोजून ठेवलेली कुणाची तरी पोर
फळीवर बसून पाय हलवत असेल.
मी शिक्क्याचा कागद पुढं करीन.
तो विचारेल, थोरली कितवीत?
मी सांगीन.
आणि सुटे दोन रुपये
आधीच मुठीत धरून ठेवीन,
म्हणजे फार वेळ उभं राहावं लागणार नाही.